मर रोगावर सुगंधी तेल वापरताय? या चुका टाळा

कोकणात आणि गोव्यात टोमॅटो-वांग्याचं हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकतं आणि चार-आठ दिवसांत उभ्या उभ्या वाळतं. मग कुणीतरी सांगतं, लवंगाचं नाहीतर गवती चहाचं तेल मुळाशी सोडा. या तेलांत रोगजंतू मारायची ताकद आहे, पण वापर चुकला की पैसे मातीत जातात.

आधी रोग ओळखा. सुकणाऱ्या झाडाचं खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधी धागे खाली उतरले तर ती जिवाणूजन्य मर. धागे नाहीत आणि खोडातल्या शिरा तपकिरी, तर फ्युजॅरियम बुरशीचा संशय घ्या. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिसूक्ष्म जंत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मान टाकलेल्या झाडाला आळवणी करणं, म्हणजे मुळाशी तेलाचं पाणी ओतणं. जिवाणू तोवर खोडाच्या नळ्यांत भरलेला असतो, तिथे तेल पोहोचत नाही. फ्लोरिडात झालेल्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थायमॉल (आपल्या बाजारातलं ओव्याचं फूल) आणि रोशा गवताचं तेल यांनी टोमॅटोची मर रोखली. पण तिथे रोगट मातीला आधी प्रक्रिया केली होती आणि रोपं आठवड्याने लावली होती, तीही कुंड्यांत! माती धुरी देऊन निर्जंतुक करण्याचाच हा प्रकार.

आता शेताचा हिशोब करा. एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 9 लाख किलो माती असते. किलोला नुसतं अर्धा मिली तेल धरलं तरी 450 लिटर लागेल. एवढं तेल कुणाला परवडणार? म्हणून ही तेलं रोपवाटिकेच्या मातीसाठी, कुंड्यांसाठी किंवा लहान गादीवाफ्यासाठीच ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथेही तेल थेट पाण्यात ओतू नका. ते वर तरंगतं, मग एका कोपऱ्यात रोपं जळतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात रोग तसाच राहतो. आधी इमल्सीफायरमध्ये (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घोटा, मग ढवळत ढवळत पाणी घाला. हातमोजे घाला, लवंग तेल कातडीला झोंबतं. माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असताना प्रक्रिया करून लगेच प्लास्टिकने झाका, नाहीतर तेल हवेत उडून जातं. आठवड्याने झाकण काढून माती हलवा, वारा लागू द्या आणि मूठभर मेथी पेरून बघा. मेथी नीट उगवली नाही तर रोपांची घाई करू नका, कारण लवंग तेल तणनाशक म्हणूनही वापरलं जातं.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी त्याच दिवशी देऊ नका. तेलाला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद कळत नाही. मेथी उगवल्यावर शेणखतात मिसळून द्या.

खरेदीतही फसगत होते. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल हे सुगंधी तेल नव्हे. ते उडून जात नाही, त्याची वाफ मातीत पसरत नाही. कागदावर थेंब टाकून ठेवा. सुगंधी तेल सावकाश का होईना उडतं. तेलकट डाग कायम राहिला तर भेसळीची शंका घ्या.

आणि दरवर्षी मर येणाऱ्या वावरात तेलाच्या आधी वाणाचा विचार करा: टोमॅटोत अर्का रक्षक हा जिवाणूजन्य मरीला प्रतिकारक संकरित वाण आहे. पाणी साचत असेल तर चर आधी काढा.