दिव्यांच्या लाइनीत येताय? आधी बॉक्स उलटा करून बघा

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला की आमच्या खानापूर-बेळगाव भागातली पोरं दोनच वाटा धरतात. एक बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने, नाहीतर पुणं. मी तिसरी धरली, दिव्यांच्या डिस्ट्रिब्युटरकडं सेल्समन. "बल्ब विकतो" असं सांगायला आईला जड जायचं, म्हणून ती शेजारी "फिलिप्सला हाय" म्हणायची. मीही तेच म्हणायचो आणि तिथंच आपटलो.

२०१९ चा दसरा तोंडावर आलेला. निपाणीच्या एका अण्णांनी बल्बच्या ऑर्डरीबरोबर बारा इस्त्र्या आणि सहा मिक्सर सांगितले. नाव एकच, डबा निळाच, मी ऑर्डर बुकात लिहून मोकळा. वर "सोमवारी माल येतो अण्णा" असा शब्दही दिला. संध्याकाळी गोडाऊनला आलो तर तिथले जुने मामा कागद बघून माझ्याकडंच बघत बसले. "इस्त्री? आपण दिवे विकतो की रे खुळ्या!" सोमवारी निपाणीला गेलो ते फक्त बल्ब घेऊन. अण्णा ओरडले नाहीत. "तमा, शब्द दिल्तास की," एवढंच म्हणाले. पुढचे चार महिने त्या काउंटरवरून मला एक बल्बसुद्धा सुटला नाही, इन्सेंटिव्ह गेला तो वेगळाच.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो. बॉक्सवरचं मोठं नाव आणि माल विकणारी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. फिलिप्सच्या बल्बचा बॉक्स उलटा करा, बारीक अक्षरात सिग्निफाय दिसेल. फिलिप्सनं दिव्यांचा धंदा वेगळा काढून मे २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शेअर बाजारात आणला, २०१८ मध्ये त्या कंपनीचं नाव सिग्निफाय झालं. बल्बवर फिलिप्स हे नाव राहिलं ते परवान्यानं. मूळ कंपनी आता मुख्यतः वैद्यकीय यंत्रांची. इस्त्री-मिक्सरचा विभाग २०२१ मध्ये विकला गेला, आज त्या कंपनीला व्हर्सुनी म्हणतात. टीव्ही आणखी तिसऱ्याचा. आणि कडेलोट म्हणजे गाडीच्या हेडलाइटचा फिलिप्स बल्ब! तो दिवाच आहे, पण दिवेवाल्या कंपनीचा नाही, भलत्याच कंपनीचा. ऑटो पार्ट्सच्या दुकानात शिरून ऑर्डर लिहू नका, एवढ्यासाठी सांगतोय.

हे फक्त फिलिप्सचं आहे असंही नाही. क्रॉम्प्टनचा घरगुती पंखा एका कंपनीचा, पूर्वी त्याच छत्राखाली असलेली कारखान्यातली मोठी मोटर आता सीजी पॉवरची. आपल्याला तर हे कळायला नको का? किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ मधल्या बेळगावच्या सायकल दुकानापासून मोजतो, आणि आज त्या आडनावाच्या कंपन्या किती आणि कुणाच्या, हे उसाला पाणी पाजणारा शेतकरीही चटकन सांगणार नाही.

घाबरू नका. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, खरंच. इतिहास मात्र वाचा, मुलाखतीपुरता नव्हे. १८९१ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोव्हन गावात गेरार्ड फिलिप्स आणि त्याचे वडील फ्रेडरिक यांनी कार्बन फिलामेंटचे बल्ब करायला घेतले. माल चांगला होता, पण तो खपवणारा माणूस आला १८९५ मध्ये, धाकटा भाऊ अँटन. पुढं त्यानं रशियाच्या झारच्या राजवाड्यासाठी ५०,००० बल्बची ऑर्डर आणली. सेल्समनला कमी लेखणाऱ्या मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

धंदा का तुटला, तेही त्याच इतिहासात सापडतं. १९२४ मध्ये फिलिप्स, ऑसराम वगैरे बड्यांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचं आयुष्य १,००० तासांवर बांधलं. बल्ब जळला की गिऱ्हाईक परत यायचं, त्या परत येण्यावर सगळ्यांची पोटं भरायची. एलईडी १५,००० तास चालतो म्हणतात, मग परत कोण येणार? त्यात सरकारच्या स्वस्त एलईडीच्या उजाला योजनेची घाऊक खरेदी. २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतलेला बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आता नुसत्या बल्बवर टार्गेट होत नाही. स्ट्रीटलाइट, शोरूम, कारखान्याच्या शेडचे हाय-बे म्हणजे उंच छताचे दिवे, तिथं पैसा आहे. लुमेन (उजेडाचं माप), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी येते), सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या उसळीपासून बचाव) हे शब्द पाठ नकोत, समजलेले हवेत. संध्याकाळी शेतातले पंप एकदम सुरू-बंद झाले की व्होल्टेज कसं नाचतं हे आपण लहानपणापासून बघतोय, एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज बेतून देणारं सर्किट, का जळतो हे समजायला तेवढं पुरे.

ज्ञान कुणाकडून घ्यायचं, तर माझं मत ऐका, पटलं नाही तर सोडा. "सेल्समध्ये महिन्यात लखपती" छाप व्हिडिओ बघणारे तीन जण माझ्याबरोबर लागले होते, दिवाळीपर्यंत एकही टिकला नाही. एरिया मॅनेजर स्लाइड दाखवतो. गोडाऊनचे मामा तुम्हाला फुटका बॉक्स, जुनी बॅच आणि बुडवा दुकानदार दाखवतात. त्यांना चहा पाजा. आणि कन्नड शिका, निदान मोजणी आणि उधारीपुरती. चिकोडी-गोकाकच्या काउंटरवर मराठी कळते सगळ्यांना, पण दुकानदार भाव मात्र कन्नडमध्येच मोकळेपणानं बोलतो. भाषेचा अभिमान घरी ठेवा असं नाही म्हणत, पण ऑर्डर बुक उघडल्यावर वाद काढू नका.

मुलाखतीत कंपनीचं नाव विचारलं तर सिग्निफाय म्हणा. दुकानात मात्र फिलिप्सच म्हणायचं. निपाणीच्या अण्णांकडं परत उभा राहिलो तेव्हा शहाणपणा करून "सिग्निफायकडून आलोय" म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं: "आता ही कुठली काढलास? इस्त्री तरी मिळती काय तिच्याकडं?"