‘काका, दोन पीएस वाढले!’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका दुपारी एक मुलगा दोन कागद नाचवत गॅरेजात शिरला. पल्सर २२०, नवा फ्री-फ्लो सायलेंसर, नवा फिल्टर. दोन्ही कागद डायनोचे, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे. एका कागदावर १७.१ पीएस (अश्वशक्ती), दुसऱ्यावर १९.०. “काका, दोन पीएस वाढले!” पोराचे पैसे गेले होते, त्यामुळे आनंद होणारच. मी चष्मा लावला आणि कागदाच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं. पहिल्या कागदावर एसएई, दुसऱ्यावर एसटीडी, हवेप्रमाणे आकडा दुरुस्त करायचे दोन वेगळे हिशोब. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त आनंद तिथेच वजा.

हे प्रकरण समजून घ्या, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी याच खड्ड्यात पडतं. डायनोच्या रोलरवर जी ताकद मिळते ती त्या दिवसाच्या हवेची असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. मुंबईत हजाराच्या वर. मग पुण्याची गाडी आणि मुंबईची गाडी एका तराजूत कशी घालायची? म्हणून सॉफ्टवेअर तो आकडा एका ठरलेल्या हवेवर नेऊन दाखवतं. एसएईची ठरलेली हवा २५ अंशांची आणि ९९० मिलिबारची. एसटीडीची त्याहून थंड आणि घट्ट, साधारण साडेपंधरा अंश आणि १०१३ मिलिबार. घट्ट हवेत इंजिन जास्त ताकद देतं, त्यामुळे एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी फुगलेला येतो. इंजिन तेच, रोलर तोच, फक्त संगणकावर एक टिचकी. १९.० चे एसएईत झाले १८.३.

उरले १.२. त्याला म्हटलं, “पहिल्या वेळी चेन कशी होती?” “सुकी होती काका, मग नवीन टाकली.” “टायरमध्ये हवा?” “तेव्हा पाहिली नव्हती.” “गिअर?” “पहिल्यांदा चौथा, नंतर पाचवा वाटतं.” वाटतं!

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं दुसऱ्या डायनोवर गेलो. त्याचा जुना सायलेंसर आणि फिल्टर पोत्यात घालून नेला होता. आधी जुना सेटअप, मग नवा, मग पुन्हा जुना. ही शेवटची फेरी लोकांना पैशाचा अपव्यय वाटते. पण पहिला आणि तिसरा आकडा जुळला तरच मधल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर त्या तासाभरात इंजिन तापलं, हवा तापली, की गाडी बांधलेला पट्टा सैल झाला, हे कळणार कसं? निकाल असा लागला: वरच्या टोकाला, आठ हजारांच्या पुढे, ०.४ पीएस जास्त. चार ते सहा हजार आरपीएमच्या पट्ट्यात जवळजवळ तेवढंच कमी. आणि हा मुलगा रोज वारज्याहून हिंजवडीला जातो. त्याचं सगळं आयुष्य त्या चार ते सहा हजारांतच जातं. आठ हजार त्याला फक्त डायनोवर दिसले.

सायलेंसर त्याने काढला नाहीच. “आवाज भारी आहे ना काका.” असू दे. पण मग आवाजाचे पैसे दिले म्हणा, पीएसचे दिले म्हणू नका.

माझी स्वतःची पद्धत शास्त्रीय वगैरे नाही, सवयीची आहे. टायरची हवा थंड असताना भरायची आणि वहीत लिहायची. चेनला तेल आदल्या रात्री, त्याच दिवशी नाही. गाडी रोलरवर बांधायचे पट्टे ओढताना त्यावर मार्करने खूण करायची, कारण पट्टा जास्त आवळला की टायर रोलरवर दबतो आणि ताकद तिथेच जिरते. एका सेटअपला किमान चार फेऱ्या, पहिली फेकून द्यायची. उरलेल्या तीन फेऱ्यांतच आपापसात ०.३ चा फरक येत असेल, तर ०.४ च्या ‘वाढी’वर पार्टी मागू नये. आणि डायनोवाल्याचा हवामानाचा सेन्सर कुठे ठेवलाय ते बघायचं. मी तो एकदा तापलेल्या इंजिनाला टेकलेला पाहिला आहे. सेन्सरला हवा गरम वाटली की सॉफ्टवेअर बिचारं भरपाई म्हणून आकडा वाढवून देतं. कोणी मुद्दाम करतं का? मी काही बोलत नाही.

‘कंपनी २१ सांगते, डायनो १७ दाखवतो, कंपनी फसवते’

नाही फसवत. कंपनीचा आकडा इंजिनच्या शाफ्टवरचा, म्हणजे क्रँकवरचा असतो. डायनोचा आकडा मागच्या चाकावरचा. मध्ये गिअरबॉक्स, चेन आणि टायर आपापला वाटा खातात, साधारण १० ते १५ टक्के, जुन्या गाडीत त्याहून जास्तही. वर कोणी शहाणा चाकावरच्या आकड्याला मनानेच १५ टक्के जोडून ‘क्रँकचा आकडा’ सांगतो. चाकाची तुलना चाकाशीच करा. संपलं.

लीन गाडी वेगवान वाटते, आणि मग जाम होते

लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून लांबवतो.

तेवीस-चोवीस वर्षांचा होतो, हाताखाली सेकंडहँड आरएक्स १००. कंपनीतून निघाली तेव्हा ११ पीएसची, ९८ सीसीची, पण टू-स्ट्रोक असल्यामुळे चटकन उठायची. नाना पेठेतून पॉड फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) आणला, ओळखीच्या एकाकडून एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेंसर) बनवून घेतला. मे महिन्यात, भर दुपारी, कार्बमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये) मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा तुकडा, एक नंबर वाढवला आणि गाडी अशी काही पळायला लागली की मला वाटलं, झालं, आपण ट्यूनर झालो. अजून एक-दोन नंबर मोठा जेट टाकून बघ, असं आमचे उस्ताद म्हणाले होते. टाकून बघितला, तर गाडी थोडी जड वाटली. काढून टाकला. हीच ती चूक.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण थोडं लीन केलं की गाडी कुरकुरीत होते, पिकअप येतो, आवाज मोकळा होतो. पिस्टन वितळायच्या जरा आधी इंजिन सगळ्यात छान चालतं, हे कडू सत्य आहे. पेट्रोल फक्त जळायला लागत नाही, पिस्टनला गार ठेवायलाही लागतं. शिवाय पॉड फिल्टरमुळे हवेला अडथळा कमी, म्हणून जेटवरची ओढही कमी. चेंबर चांगला असेल तर वरच्या आरपीएमला सिलिंडरमध्ये भरणा जास्त. म्हणजे जास्त पेट्रोल हवं असताना कमी मिळतंय.

तरीही उन्हाळा निभावला. डिसेंबरात मित्रांबरोबर महाबळेश्वरला निघालो, पहाटे पाचला, अंगावर दोन स्वेटर. आता हिशोब बघा: मे महिन्यातली ३८ अंशांची हवा आणि डिसेंबरातली १० अंशांची हवा यांत जवळजवळ १० टक्क्यांचा फरक आहे. थंड हवा तेवढी घट्ट. कार्बला हे पूर्ण कळत नाही, तो आपला जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. शिरवळपर्यंत फुल रेस, मग खंबाटकी घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणाच्या आत इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला, जणू कोणी तोंडावर उशी धरली. आणि मागचं चाक जागेवर थांबलं. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून आज हे लिहितोय. मागून ट्रक येत होता.

ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला दोन बोटं रुंद खरवड होती, ॲल्युमिनियम लायनरला लोण्यासारखं फासलेलं. बोअर मारून पिस्टन पाव मिलिमीटर ओव्हरसाइज टाकला. आमचे उस्ताद एक अक्षर बोलले नाहीत, फक्त तो मोठा जेट माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

तेव्हापासून टू-स्ट्रोकला आधी मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त सोडणारा) जेट टाकतो, गाडी फुल रेसला अडखळेल इतका. मग एकेक नंबर खाली येतो आणि अडखळणं थांबलं की तिथेच थांबतो. अजून एक नंबर खाली गेलं तर गाडी ‘अजून छान’ वाटेल. त्या छानच्या मागे जायचं नाही. मग प्लग बघायचा: नवा प्लग, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला फुल रेस, त्याच क्षणी क्लच दाबून चावी बंद, बाजूला थांबून प्लग काढायचा. गॅरेजपर्यंत घरंगळत आणलेल्या गाडीचा प्लग बघण्यात अर्थ नाही, तो आयडलिंगचा रंग असतो. आणि रंग बघायचा तो टोकाचा नाही, पोर्सिलिनच्या तळाशी, बॅटरी लावून.

आता यात नवी भर पडली आहे ती २० टक्के इथेनॉलची. साध्या पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. मिसळलेल्या पेट्रोलचा हिशोब येतो साधारण १३.५. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जेट बसवलेली जुनी कार्बची गाडी आज काहीही न करता ८ टक्क्यांच्या आसपास लीन चालते. आजोबांची आरएक्स काढून ‘स्टॉक जेट आहे, काळजी नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि वाइडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) लावणाऱ्यांनी लॅम्डा, म्हणजे लागते त्याच्या किती पट हवा मिळतेय तो आकडा, वाचायची सवय लावावी. मीटरवरचा १४.७ हा पेट्रोलच्या पट्टीवरचा आकडा आहे, टाकीत काय आहे ते त्याला माहीत नसतं. पूर्ण ताकदीसाठी ०.८६ ते ०.९० लॅम्डा, टाकीत काहीही असो.

मोबाइलवर शून्य ते शंभर

जीपीएसचं ॲप वाईट नाही. रस्ता वाईट असतो. गाडी आणि तुम्ही मिळून २२० किलो धरा. शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार, डोळ्याला दिसतही नाही. पण ताशी ८० च्या वेगाला तो उतार तुम्हाला जवळजवळ ०.६५ पीएस फुकट देतो. १२ पीएसच्या गाडीत ही ५ टक्के ‘ट्यूनिंग’ झाली. एका महाभागाने मला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येतानाचा टायमिंग दाखवला होता. त्या उतारावर कंटेनरचे ब्रेक निकामी होतात रे बाबा, तिथे तुझी स्प्लेंडरसुद्धा सुपरबाईक वाटेल. मोजायचंच असेल तर बंद जागेत, दोन्ही दिशांना, वारा पडलेला असताना, आणि सरासरी काढून. सार्वजनिक रस्त्यावर हे उद्योग करणाऱ्याला मी पुढची तारीख देत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्यांच्यावर जास्त शाई घालवायची इच्छा नाही. मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं केलं की गाडी उठते, पण ताकद वाढत नाही, फक्त गिअरिंग बदलतं आणि टॉप स्पीड जातो. स्टॉक कॉम्प्रेशनच्या साध्या गाडीत महागडं ऑक्टेन पेट्रोल घालणं म्हणजे ज्याला खोकला नाही त्याला कफ सिरप. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असतानाच बघा, चहा होईपर्यंतचं थंड नव्हे, रात्रभराचं. बीएस ६ गाडीला लावायची ती स्वस्त ‘पॉवर चिप’ उघडून बघा: आत एक रेझिस्टर असतो, तो ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) सांगतो की हवा थंड आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि पुढच्या क्षणी ऑक्सिजन सेन्सर ते पुन्हा कमी करून टाकतो. फक्त फुल रेसला, जिथे सेन्सरचं कोणी ऐकत नाही, तिथे गाडी फुकट पेट्रोल पिते. सायलेंसरमधली जाळी काढली की आवाज वाढतो आणि पावती फाटते. एका दिवसात दोन बदल करू नका, कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि क्लच. घसरणारा क्लच डायनोवर असा दिसतो की आरपीएम चढतायत आणि रोलर मागे राहतोय. ट्यूनिंगचा दोष म्हणून मॅपवर, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यावर, आठवडा घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

परवाच एक जण रीमॅप करून, म्हणजे तोच तक्ता बदलून घ्यायला आला. गाडी ओढत नाही म्हणाला. मी गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा घेऊन थांबलं. ब्रेक चिकटला होता. एअर फिल्टर काढला तर त्यात अख्खा हिंजवडी फेज तीनचा रस्ता होता. कॅलिपर साफ केला, फिल्टर बदलला, चेन सैल केली, तासाभराचं काम. तो एक चक्कर मारून आला, म्हणाला, “हो, बरीच मोकळी झाली. पण मग रीमॅप कधी करायचा?” मी म्हटलं, आता कशाला. तो जरा हिरमुसला, बिल दिलं आणि जाताना दुसऱ्या गॅरेजचा पत्ता विचारून गेला.