डिलिव्हरीनंतर एकीने तरी आईजवळच थांबा

बाळ बाहेर आलं की सगळे बाळाकडे धावतात, कोणी पेढे आणायला तर कोणी फोन लावायला, आणि आई तिकडे एकटीच पडून असते. माझ्या वहिनीचं नाशकातच असं झालं, नॉर्मल डिलिव्हरी, सगळं छान, मी सहज पांघरूण नीट करायला गेले तर खालची चादर पार भिजलेली आणि ती म्हणते थंडी वाजतेय गं. सिस्टरला ओरडून बोलावलं, त्यांनी पोटावरून गर्भाची पिशवी चोळून घट्ट केली, इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं, म्हणून वाचली.

पिशवी सैल राहिली की रक्त थांबत नाही आणि बाळंतपणात बायका जातात त्याचं हे मोठं कारण. त्यामुळे पहिले दोन तास तिथून हलू नका. तासाच्या आत पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, घाम फुटला की लगेच सिस्टरला बोलवा, त्या चिडल्या तरी चालेल. बाळ झाल्याझाल्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते दिलं का हेही विचारा.

खरं काम आधीच सुरू होतं. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं, ७ च्या खाली असेल तर थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही, म्हणून लोहाच्या गोळ्या चुकवू नका आणि त्यावर चहा नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जा. हॉस्पिटल ठरवतानाच विचारून घ्या, रात्री सीझर लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणणार. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्यांनी तर हे आठव्या महिन्यातच ठरवा, रात्री घाटातून नाशिक गाठायचं म्हणजे वेळ जातोच, १०८ ला (ॲम्ब्युलन्स) लगेच फोन लावा. सरकारी रुग्णालयात सीझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे, पैशासाठी घरी अडून राहू नका.

आणि बीपी. १४०/९० किंवा वर, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर झटके येऊ शकतात, डिलिव्हरीनंतरसुद्धा. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं पण ते हॉस्पिटलातच, त्यामुळे घरी डोक्याला बाम चोळत बसू नका. सव्वा महिन्यात कधीही थंडी वाजून ताप आला किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास यायला लागला तर त्याच दिवशी दाखवा, फाईल सोबत घेऊन.