वावरातून उपग्रहाशी बोलताना: दोन हँडहेल्ड, एक इअरफोन

नवख्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची, हाक उपग्रहापर्यंत पोचतच नाही, असं क्वचितच होतं. पाच वॅट पुरतात. बहुतेक वेळा हाक पोचलेली असते, कोणीतरी उत्तरही देत असतं, पण याला ते ऐकू येत नाही. मग हा पुन्हा पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर चढतो. म्हणून तयारी कानापासून करायची, पॉवरपासून नाही.

परवान्याचं आधी. एएसओसी या हॅम परवान्याच्या परीक्षेनंतर रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ आणि जनरल ग्रेडला व्हीयू२ ने सुरू होणारं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) मिळतं. दोन्ही ग्रेडना हे उपग्रह चालतात. कॉलसाइन हाती येईपर्यंत पीटीटीला हात लावायचा नाही.

सुरुवातीला दोनच उपग्रह धरा. दोन्हींवर रिपीटर आहे: एका फ्रिक्वेन्सीवर (अपलिंक) वर गेलेला आवाज तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर (डाउनलिंक) खाली पाठवतो. एसओ-५० हा २००२ सालचा. त्याचा अपलिंक १४५.८५० मेगाहर्ट्झ, सोबत ६७.० हर्ट्झचा टोन (आवाजासोबत जाणारा खालचा सूर, त्यावर रिपीटर उघडतो), डाउनलिंक ४३६.७९५. त्याचा ट्रान्समीटर जेमतेम पाव वॅटचा आहे, म्हणून ऐकण्याची खरी परीक्षा इथेच होते. याला दहा मिनिटांचा टायमर आहे. तो बंद पडलेला असेल तर ७४.४ हर्ट्झचा टोन लावून दोन सेकंद पीटीटी दाबायची, की रिपीटर जागा होतो. दुसरा आयएसएसचा (आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा) रिपीटर: अपलिंक १४५.९९० आणि ६७.० चा टोन, डाउनलिंक ४३७.८००. आयएसएसचा सेट कधी एपीआरएसवर (छोट्या डेटा-संदेशांसाठी), तर कधी १४५.८०० वर चित्रं पाठवण्यासाठी लावलेला असतो. म्हणून निघण्याआधी ॲमसॅट या हॅम उपग्रहांच्या संघटनेच्या स्टेटस पानावर एक नजर टाका.

विदर्भातून आयओ-८६ चाही मोह होतो. इंडोनेशियाचा हा उपग्रह इस्रोने २०१५ मध्ये सोडला. पण त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली आहे. आपल्याकडून तो दक्षिणेला क्षितिजाच्या वर फार तर १३-१४ अंश चढतो, आणि त्याचा रिपीटरही ठरलेल्या वेळीच चालू असतो. दक्षिण बाजू पूर्ण मोकळी असेल तरच त्याच्या नादी लागा.

आता सेटिंग. यूव्ही-५आरसारख्या स्वस्त सेटवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारं दार) ०, बॅटरी सेव्ह बंद, टीडीआर बंद, व्हीओएक्स बंद, रॉजर बीप बंद. टोन फक्त टी-सीटीसीएसला (पाठवण्याच्या बाजूला) द्यायचा, आर-सीटीसीएस (ऐकण्याच्या बाजूचा) बंदच ठेवायचा. तो चुकून चालू राहिला तर सेट पूर्ण मुका होतो आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. स्क्वेल्च ० कशाला? उपग्रहाचा सिग्नल इतका बारीक असतो की स्क्वेल्च उघडतच नाही. शिवाय उघड्या स्क्वेल्चची खरखर हीच तुमची सुई आहे. कोणी बोलत नसतानाही ती खरखर मधूनच दबली, तर उपग्रह आला असं समजा.

उपग्रह जवळ येताना डाउनलिंक वर सरकतो आणि दूर जाताना खाली. ४३६ मेगाहर्ट्झवर ही सरक प्रत्येक बाजूला दहा किलोहर्ट्झच्या घरात जाते. म्हणून एसओ-५० साठी पाच मेमरी भरा: ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९० आणि ४३६.७८५. पाचही मेमरींत ट्रान्समिट १४५.८५० आणि टोन ६७.० राहील. अपलिंक हलवायची गरज नाही, तिथे सरक तीन किलोहर्ट्झच्या आसपासच असते आणि एफएम ती पचवतं. आयएसएसच्या मेमरीही ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत अशाच पाच-पाच किलोहर्ट्झने.

एकाच हँडहेल्डवर बोलताना ऐकू येत नाही, कारण पीटीटी दाबली की रिसीव्हर बंद होतो. म्हणून सेट दोन हवेत: एक फक्त बोलायला, एक फक्त ऐकायला. ऐकण्याच्या सेटला इअरफोन लावायचाच. स्पीकर उघडा ठेवला तर तुमचाच आवाज उपग्रहावरून परत येऊन माइकमध्ये शिरतो आणि लाउडस्पीकरवाल्याच्या मांडवात होते तशी शिट्टी सुरू होते. फरक इतकाच की ती शिट्टी अर्ध्या भारतात ऐकू जाते.

इअरफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा येतो. आपलाच आवाज असा मागून कानात पडू लागला की जीभ अडखळते, कॉलसाइनसुद्धा धड निघत नाही. उपग्रहाच्या वाटेचा उशीर मात्र काही मिलिसेकंदांचा असतो, तो जाणवत नाही. दोन पिनच्या सेटमध्ये आवाज येतो तो बारीक, २.५ मिलिमीटरच्या पिनमधून, ३.५ ची पिन माइक आणि पीटीटीसाठी असते. म्हणून मोबाइलचा इअरफोन थेट मोठ्या भोकात खुपसू नका. कान गप्प राहील आणि सेट आपोआप ट्रान्समिटला जाण्याचीही शक्यता असते. दोन पिनचा साधा इअरपीस आणा किंवा स्पीकर-माइकच्या अंगावर असलेलं ऐकायचं छिद्र वापरा. आवाज एकाच कानात आला तर मोनो-स्टिरिओ ॲडॉप्टर लावा. वारा सुटलेला असताना दोन्ही कान झाकलेले बरे.

रेकॉर्डिंगही पहिल्या दिवसापासून करा. दहा मिनिटांत चार कॉलसाइन ऐकून लिहून घेणं, अँटेना फिरवणं आणि मेमरी बदलणं दोन हातांना जमत नाही. मोबाइल स्पीकरजवळ धरून होणारं रेकॉर्डिंग इअरफोनमुळे शक्य नाही, म्हणून एक केबल बनवा. सेटच्या स्पीकरचा आवाज जवळपास एक व्होल्टचा, मोबाइलच्या माइकला हवेत काही मिलिव्होल्ट. थेट जोडलं तर फक्त फाटका आवाज रेकॉर्ड होतो. इअरपीसच्या स्पीकरवायरीवरून एक फाटा घ्या, त्यात १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर आणि १०० किलो-ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक टाका, आणि ते चार कड्यांच्या प्लगच्या माइक कडीला न्या. ३.५ चं भोक असलेल्या आजकालच्या मोबाइलमध्ये माइक सगळ्यांत मागच्या कडीवर असतो, ग्राउंड तिच्या पुढच्या कडीवर. माइक आणि ग्राउंडच्या मध्ये २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर डकवा. तो नसेल तर बाहेरून माइक लागलाय हे मोबाइलला कळत नाही आणि तो स्वतःच्याच माइकवरून वाऱ्याचा घोंघाट भरत राहतो. कपॅसिटर विसरलात तर मोबाइलचं डीसी व्होल्टेज सेटकडे येतं. घरी आधी रिकाम्या फ्रिक्वेन्सीची खरखर भरून बघा. ती ऐकताना तडतडली तर १०० ऐवजी २२० किलो-ओहम टाका.

दोन सेट एकत्र आले की दुसरा त्रास सुरू होतो: बोलणारा सेट ऐकणाऱ्याला बहिरा करतो. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०, म्हणजे आयएसएसच्या डाउनलिंकच्या अगदी शेजारी. एसओ-५० साठी ती ४३७.५५० वर पडते, जरा लांब. पण स्वस्त सेटचं तोंड इतकं उघडं असतं की मूळ १४५ चा जोरच त्याला पुरतो. चाचणी सोपी आहे. ऐकणारा सेट ४३६.७९५ वर खरखरत ठेवा आणि दुसऱ्याची पीटीटी दाबा. खरखर बारीक झाली किंवा गेली, तर तो बहिरा होतोय. मग सेट एकमेकांपासून हातभर तरी लांब न्या, एक अँटेना उभी आणि दुसरी आडवी धरा, बोलणारा सेट लो पॉवरवर टाका. तरी भागलं नाही तर बोलणाऱ्या सेटला लो-पास फिल्टर आणि ऐकणाऱ्याला डायप्लेक्सरची (१४५ आणि ४३७ चे बँड वेगळे करणाऱ्या डबीची) यूएचएफ, म्हणजे ४३७ ची बाजू. बोलताना इअरफोनमध्ये घरघर येत असेल तर इअरफोनची वायर अँटेनाचं काम करतेय. तिचे पाच-सहा वेढे फेराइटच्या रिंगवर घ्या.

सेटसोबत आलेला रबरी दांडा उपग्रहासाठी कुचकामी आहे. साधारण ४९ सेंटिमीटरचा व्हिप (लवचिक काडीची अँटेना) लावा: १४५ वर तो पाव तरंगाचा होतो, ४३७ वर पाऊण. बोलणाऱ्या सेटच्या अँटेनाच्या बुडाशी ग्राउंडला तेवढ्याच लांबीची वायर लोंबती सोडली की फरक लगेच कळतो. व्हिपचं टोक उपग्रहाकडे रोखू नका, तिकडेच तो सर्वांत आंधळा असतो. उपग्रहाच्या दिशेला काटकोनात धरा. आयएसएसला व्हिप पुरतो. एसओ-५० साठी ऐकायला यागी (एका दिशेला रोखायची, आडव्या काड्यांची अँटेना) हवी, आणि ती बांबूच्या दांडीवरही छान बसते. यागी रोखून धरली तरी आवाज बुडाला, तर दिशा बदलण्याआधी मनगट पाव फेरा फिरवा. बहुधा ध्रुवीकरणाचा (लहर उभी की आडवी याचा) फरक असतो.

वावरात उभं राहायची जागा म्हणजे धुरा, पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली असेल तर मचाण. डीपी, अकरा केव्हीची लाइन आणि चालू कृषिपंप यांच्यापासून लांब. कुंपणाचं झटका मशीन जवळ असेल तर इअरफोनमध्ये दर सेकंदाला टिक ऐकू येते. मे महिन्यात दोन्ही सेट सावलीतच ठेवा, धुऱ्यावर तापत पडलेला सेट पासच्या (उपग्रह क्षितिजावरून आकाशातून जाईपर्यंतच्या वेळेच्या) मधोमध दगा देतो. रेंज नसतेच असं धरून घरूनच लुकफोरसॅटसारख्या ॲपमध्ये कक्षेची ताजी माहिती उतरवून घ्या. आयएसएससाठी ती चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नको. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, त्यामुळे ॲपने दिलेला कोन तसाच धरा.

पास सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त ऐका. आवाज खरखरीत, दात लागल्यासारखा झाला की पुढची मेमरी. उपग्रह डोक्यावर असताना मेमरी झपाट्याने बदलाव्या लागतात. बोलायचं ते इतकंच: समोरच्याचं कॉलसाइन, आपलं कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड). ‘माइक लिमा नाइन झिरो.’ बस. माइक तोंडापासून तीन-चार बोटं लांब धरा आणि ओरडू नका. एफएमवर ओरडलं की आवाज मोठा होत नाही, फाटतो.

ग्रिडच्या बाबतीत विदर्भ श्रीमंत आहे. नागपूर आणि भंडारा एमएल९१, यवतमाळ आणि वर्धा एमएल९०, अमरावती, अकोला, बुलढाणा एमएल८०, चंद्रपूर एमके९९, गोंदिया एनएल०१. २० अंश अक्षांश आणि ८० अंश रेखांश गडचिरोली जिल्ह्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे एमएल९०, एनएल००, एमके९९ आणि एनके०९ एका बिंदूपाशी मिळतात. जीपीएस घेऊन त्या बिंदूवर उभं राहिलं तर एकाच पासमध्ये चार ग्रिड देता येतात. ग्रिड गोळा करणारे समोरचे रांग लावतील.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकताना लॉग भरा, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. पहाटे साडेपाचच्या आधीचा पास असेल तर तारीख आदल्या दिवसाची पडते. ती चुकली की समोरच्याच्या लॉगशी जुळत नाही आणि झालेला संपर्क कागदावर झालाच नाही असं होतं.