झुडपांच्या वाफ्यातलं तण असं आटोक्यात आलं
खुरपणी केली की थोड्याच दिवसांत तण पुन्हा हजर! माती उकरली की खाली दबलेलं बी उजेडात येऊन रुजतं. म्हणून उकरणं थांबवलं. तण फुलायच्या आत जमिनीलगत कापलं, वाफा भिजवला, पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांवर चढवून अंथरले आणि वर ७-८ सेंमी वाळलेला पालापाचोळा. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी हवीच, नाहीतर साल कुजते. बारीक तण जवळजवळ थांबलं.

लव्हाळा मात्र फार चिवट. त्याचे टोकदार कोंब पुठ्ठाही भेदतात. तो ओल्या मातीतून खुरप्याने गाठीसकटच काढायचा. नुसता उपटला तर गाठ आत राहते आणि पुन्हा फुटते. पालापाचोळा कुजून बसला की वर नवा थर घालते.