रविवारची पंधरा मिनिटं गाडीसाठी

सकाळी गाडी सुरू करायच्या आधीच मी टायरची हवा बघतो. थोडं अंतर चाललं तरी टायर तापतो, दाब वाढतो आणि आकडा फसवतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नाही. स्टेपनीही तपासा. माझी एकदा ऐन वेळी चपटी निघाली, तेही रात्री आणि पावसात! टायरच्या खाचांमध्ये मधेमधे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांना टेकलं की खोली १.६ मिमी उरली, टायर बदला.

मग बॉनेट. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटं झालेली. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या खेपेचं वाचन धरू नका, ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. काळपट रंगाला घाबरू नका. दुधाळ दिसलं तर मात्र त्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत असू शकतं, तडक मेकॅनिक गाठा.

कूलंट टाकीच्या बाहेरूनच दिसतं. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, उकळती वाफ तोंडावर येते. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय.

वायपर, दिवे, हॉर्न दोन मिनिटांत उरकतात. गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून ब्रेक दाबला की ब्रेकलाइटचा उजेड आरशात दिसतो.