१ जानेवारीला जन्मलेली माणसं

मेलबर्नच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर डँडेनाँग आहे. फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या साड्यांची, मिठाईची दुकानं आणि जवळच थॉमस स्ट्रीटवर अफगाण बाजार. सकाळी तिथून जाताना ताज्या नानचा वास येतो. याच भागातल्या एका संस्थेत मी सेटलमेंट वर्कर आहे. नव्यानं देशात आलेल्या माणसाचं, बहुतेक वेळा निर्वासित कुटुंबाचं, घर, शाळा, डॉक्टर, भाषा आणि नोकरी मार्गी लागेपर्यंत त्यांच्यासोबत राहायचं, हे माझं काम. त्याआधी मी सांगलीला सहकारी बँकेत काउंटरवर होते. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं, "हा कोर्स करू का? आपल्याला जमेल का?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

कोर्समधल्या प्लेसमेंटच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाच्या, पहिल्या आठवड्यात मला जुन्या फायली संगणकात चढवायला दिल्या होत्या. दहा फायली झाल्या आणि मी थांबले. त्यातल्या सात जणांची जन्मतारीख १ जानेवारी होती. कुणीतरी घाईत चुकीचं भरलंय असं समजून मी सुपरवायझर बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, चूक नाही. जिथं जन्माची नोंदच होत नाही तिथल्या माणसाला कागद करताना तारीख सांगावी लागते. मग वर्ष अंदाजानं आणि तारीख १ जानेवारी.

मला लगेच माझे वडील आठवले. त्यांची जन्मतारीख १ जून. थोरल्या काकांचीही १ जून. आमच्या गावातल्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. हे मी बाईंना सांगितलं, तेव्हा या कामाशी माझं पहिल्यांदा काहीतरी नातं जुळलं. पण ही गंमत नाही, हे पुढं कळलं. एकाच दवाखान्यात एकाच नावाचे आणि एकाच जन्मतारखेचे दोघं असतात, आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो. म्हणून नाव आणि तारखेवर कधीच थांबू नका. पत्ता आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा, नंबरही विचारा. शिवाय कागदावरचं वय दोन-तीन वर्षांनी चुकलेलं असलं, तर मुलाची इयत्ता चुकते आणि म्हाताऱ्या माणसाचं पेन्शन लांबतं.

आता कामाची रचना. ऑस्ट्रेलियात येण्याआधीच निर्वासित म्हणून व्हिसा मिळालेली माणसं वेगळी आणि इथं पोहोचल्यावर संरक्षण मागणारी वेगळी. पहिल्या गटासाठी ह्यूमॅनिटेरियन सेटलमेंट प्रोग्रॅम आहे. विमानतळावर घ्यायला जाणं, तात्पुरतं घर, बँक खातं, सरकारी भत्ते देणारं सेंटरलिंक, मेडिकेअर, मुलांची शाळा असं सगळं त्यात साधारण ६ ते १८ महिने चालतं. त्यानंतर पुढच्या मदतीची सेट्स नावाची योजना, माणूस देशात आल्यापासून साधारण ५ वर्षांपर्यंत. मी सेट्समध्ये आहे. दुसऱ्या गटाला, म्हणजे निकालाची वाट बघत ब्रिजिंग नावाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना, यातलं फारसं काही मिळत नाही. त्यांच्यासाठी २००१ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेलं असायलम सीकर रिसोर्स सेंटर, रेड क्रॉस अशा संस्था काम करतात. समोरचा माणूस कोणत्या व्हिसावर आहे हे नीट समजून न घेता "हो, मिळेल" असं तोंडातून जाऊ देऊ नका. माणसं त्या "हो"वर महिना काढतात.

इंग्रजी शिकवणारा एएमईपी हा कार्यक्रम १९४८ पासूनचा आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्यांसाठी सुरू झालेला. पूर्वी त्यात ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१ मध्ये काढली. जुने लोक अजून "तास संपले" म्हणून घरी बसलेले भेटतात, त्यांना परत वर्गात पाठवा. माझ्या सुपरवायझर बाई लहानपणी व्हिएतनाममधून आल्या. स्प्रिंगव्हेलच्या एंटरप्राइज हॉस्टेलमध्ये त्यांच्या कुटुंबाला पहिली खोली मिळाली होती. नव्या कुटुंबाची पहिली नोंद, म्हणजे इंटेक, करताना त्या फॉर्म बाजूला ठेवून आधी विचारतात, "रात्री झोप लागली का?" हे मी त्यांच्याकडून उचललं.

कोर्सचं म्हणाल तर मी डिप्लोमा ऑफ कम्युनिटी सर्व्हिसेस केला. व्हिक्टोरियात २०१९ पासून फ्री टेफ ही सरकारी कॉलेजांतल्या फुकट शिक्षणाची योजना आहे आणि या क्षेत्रातले बरेच कोर्स त्यात येतात. नागरिक आणि कायम रहिवासी असाल तर आधी तिथं चौकशी करा, खासगी कॉलेजला हजारो डॉलर भरण्याआधी. भारतातली एमएसडब्ल्यू असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्या, डिप्लोम्याची गरज कदाचित पडणारही नाही. इथून सोशल वर्कची मास्टर्स करायची तर प्लेसमेंटचेच १००० तास असतात. घरी लहान मूल असेल तर हा आकडा आधी कॅलेंडरवर मांडून बघा. पोलीस चेक आणि वर्किंग विथ चिल्ड्रन चेक कोर्स सुरू होतानाच काढा. माझ्या वर्गातल्या दोघींची प्लेसमेंट केवळ या कागदांपायी पुढं ढकलली गेली.

अभ्यासात सगळ्यात सोपा वाटलेला आणि कामावर सगळ्यात अवघड गेलेला धडा दुभाष्याचा. इथं मला सविस्तर सांगायचंय.

प्लेसमेंटच्या दुसऱ्या महिन्यात पाकिस्तानातल्या क्वेट्टाहून आलेली हजारा समाजाची एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिची भाषा हजारगी, पण तिला उर्दू चांगली येत होती. माझी हिंदी बरी. दुभाषी मिळायला वीस मिनिटं लागणार होती, बाहेर अजून तिघं ताटकळत होते, आणि तीच म्हणाली, उर्दूत बोलूया. आम्ही दोघी खूश. तिची सफाईची नोकरी गेली होती आणि सेंटरलिंकचा फॉर्म भरायचा होता. नोकरी का संपली, या रकान्यापाशी मी तिला विचारलं, "आपने राजीनामा दिया था?" ती म्हणाली, हो. मी लिहिलं, स्वतःहून सोडली.

संध्याकाळी बाईंनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, दुभाषी लावून पुन्हा विचार. दुसऱ्या दिवशी फोनवर हजारगी दुभाषी होता. खरी गोष्ट अशी, की मालकानं तिच्या शिफ्ट हळूहळू बंद केल्या आणि शेवटी एका कागदावर सही घेतली. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता, दोन्ही बाजू राजी असल्याचा कागद. तिनं सही केली होती, म्हणून ती हो म्हणाली. आपल्या मराठीतला राजीनामा त्यांच्याकडे इस्तिफा असतो. तो शब्द मी जन्मभर वापरला आणि तो फारसीतून येताना वाटेत बदलला असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःहून नोकरी सोडली अशी नोंद झाली तर भत्ता काही आठवडे थांबू शकतो. तिच्या घरात तीन मुलं होती. फॉर्म अजून गेला नव्हता म्हणून निभावलं.

आपल्या लोकांना हा धोका जास्त आहे, कारण अफगाण, पाकिस्तानी, नेपाळी, रोहिंग्या अशा कितीतरी जणांशी आपण हिंदीत थोडंफार बोलू शकतो. ते बोलणं स्वागताला वापरा, चहाला वापरा, मुलांची चौकशी करायला वापरा. पैसा, आजार, व्हिसा, पोलीस, कोर्ट आणि घरातली मारहाण यांपैकी काहीही निघालं की दुभाषी. टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेचा नंबर १३१ ४५०, चोवीस तास, दीडशेहून अधिक भाषा. ही सेवा १९७३ पासून आहे. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यालाही तिथून दुभाषी फुकट मिळतो, पण रिसेप्शनवर ते कित्येकदा ठाऊक नसतं. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा. भाषा विचारताना देश विचारून थांबू नका. अफगाणिस्तान म्हटलं तर दारी, पश्तो, हजारगी, उझबेकी काहीही असू शकतं. बाईला बाई दुभाषी हवी का, तेही विचारा. समाज लहान असेल तर दुभाषी ओळखीचा निघतो, म्हणून क्लायंटचं नाव न सांगता सुरुवात करता येते का ते बघा.

बोलताना नजर क्लायंटकडे ठेवायची, फोनकडे नाही. "तिला विचारा" असं म्हणायचं नाही, सरळ "तुम्हाला कुठं दुखतंय?" म्हणायचं. दोन वाक्यं बोलून थांबायचं. सुरुवातीला हे फार अवघडल्यासारखं होतं.

आणि मुलांना दुभाषी करू नका. एकदा दवाखान्यात अकरा वर्षांची मुलगी आईच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरचं बोलणं सांगत होती. मध्येच ती गप्प झाली आणि बुटाच्या नाडीशी खेळायला लागली. डॉक्टर वाट बघत राहिले, आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ती मुलगी हुशार होती, तिला शब्द येत होते. पण ते आईला सांगायची वेळ त्या वयात तिच्यावर यायला नको होती. मी उठून फोन लावला.

नाटी, म्हणजे इथं दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या परीक्षेचं एक सांगते. पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या व्हिसासाठी, आपल्यातले पुष्कळ जण तिची सीसीएल ही भाषेची परीक्षा देतात, मराठीतूनही देता येते, आणि पास झालं की व्हिसाच्या अर्जात ५ गुण मिळतात. त्यानं आपण दुभाषी होत नाही. दुभाषी म्हणून काम करायचं तर नाटीचं सर्टिफिकेशन वेगळं. दोन्हींत गल्लत करून बायोडेटा पाठवला की मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर येतो.

घर हा रोजच्या कामाचा मोठा भाग. भाड्याचा मागचा इतिहास नाही, नोकरी नाही, सहा-सात माणसांचं कुटुंब, मग एजंट अर्ज बाजूला ठेवतो. घर मिळालं की बाँड, म्हणजे अनामत रक्कम, बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्याएवढा. तो मालकाकडे न राहता सरकारी बाँड अथॉरिटीकडे जमा झाला पाहिजे, याची पावती बघा. मी जे कधीच चुकवत नाही ते कंडिशन रिपोर्टचं, म्हणजे राहायला येताना घरात कुठं काय खराब आहे याच्या नोंदीचं. व्हिक्टोरियात भाडेकरूनं तो घरात आल्यापासून ५ कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. मी कुटुंबासोबत खोलीखोलीतून फिरते. ओव्हन उघडून आतला फोटो, गालिच्यावरचा डाग, बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी, तडकलेली फरशी, खिडकीची न लागणारी कडी. फोटो त्यांनी त्यांच्या फोननं काढायचे. सोडताना बाँड परत मिळवायला मी तिथं असेनच असं नाही. सगळं आपणच भरभर करून टाकायची सवय बँकेतून माझ्या हाताला लागली होती, ती मोडायला वर्ष गेलं.

कहाणी विचारू नका. "तुम्ही कसे आलात? बोटीनं?" हे आपल्याला आपुलकीचं वाटतं. त्यांनी ते अधिकाऱ्यांना, वकिलांना, डॉक्टरांना दहादा सांगितलेलं असतं. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. झोप उडाली असेल, मूल अंथरूण ओलं करत असेल, दार वाजलं की कुणी दचकत असेल, तर फाउंडेशन हाउसला रेफरल करा. छळातून वाचलेल्यांसाठी ही संस्था १९८७ पासून व्हिक्टोरियात काम करतेय. आपण समुपदेशक नाही. आणि ऐकलेलं आपल्याही अंगात राहतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा दिवसभर फोन वाजत होते. कुणाचा भाऊ विमानतळाच्या फाटकापाशी, कुणाची आई तळघरात. घरी आल्यावर मला जेवण जात नसे. सुपरव्हिजनचा, म्हणजे वरिष्ठांशी कामाबद्दल मोकळं बोलायचा, तास हा आरामाचा तास समजून रद्द करू नका.

घरभेटीला गेलं की चहा येतोच, वेलची घातलेला हिरवा चहा, सोबत बदाम आणि बेदाणे. घ्या. आपल्याकडंही आल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना किती लागेल हे आपल्याला सांगावं लागत नाही. पैसे, सोनं, महाग भेट मात्र नाही, आणि संस्थेला कळवायचं. स्वतःचा खासगी नंबर देऊ नका. मी एकदा दिला आणि रात्री दोन वाजता उचलला. त्या बाईला माझी नाही, पोलिसांची गरज होती, आणि तिची दहा मिनिटं माझ्यापाशी गेली. ट्रिपल झीरो हा तातडीच्या मदतीचा नंबर कसा लावायचा हे आता मी पहिल्याच भेटीत शिकवते.

केसनोट लिहिताना काय घडलं आणि कोण काय म्हणालं तेवढंच लिहा. "चिडखोर आहे", "खोटं बोलतेय असं वाटलं" असलं काही नाही. तो कागद उद्या क्लायंट मागून वाचू शकतो.

आपल्यातल्या बायकाही येतात. जोडीदाराच्या व्हिसावर आलेली, पासपोर्ट नवऱ्याकडे, "तक्रार केलीस तर परत पाठवतील" अशी धमकी. पार्टनर व्हिसावर असेल तर कायद्यात कौटुंबिक हिंसाचाराची तरतूद आहे. नातं तुटलं म्हणून प्रत्येकीला परत जावं लागत नाही. नक्की काय लागू होतं ते वकीलच सांगेल, आपण नाही. व्हिक्टोरियात इनटच ही संस्था १९८४ पासून स्थलांतरित बायकांसाठीच आहे. अशी कुणी मराठी बाई आली तरी मी दुभाषी हवी का असं विचारते, कारण मेलबर्नचं मराठी वर्तुळ छोटं आहे आणि गणपतीत आम्ही समोरासमोर येणार असतो. दोघींनी माझ्याऐवजी दुसरी वर्कर मागितली. त्यांचं बरोबर होतं.

नोकरी मिळते का? मिळते, पण बऱ्याचशा जागा अनुदानावर चालतात. करार वर्षाचे, दोन वर्षांचे, आर्थिक वर्ष संपायचा ३० जून जवळ आला की सगळ्यांच्या पोटात गोळा. पगार स्कॅड्स अवॉर्डच्या, म्हणजे या क्षेत्रातल्या ठरलेल्या वेतननियमांच्या, श्रेणीनं. ऑफर हातात आली की कोणत्या श्रेणीत घेताय ते लेखी विचारा. माझं हे विचारायचं राहिलं आणि पहिल्या संस्थेत मी दीड वर्ष खालच्या श्रेणीत राहिले. नोकरी लागेपर्यंत शनिवारी कुठंतरी गृहपाठ क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून जा. मुलं शिकवता शिकवता आयांची ओळख होते, आणि मुलाखतीत सांगायला खरं काहीतरी असतं.

पहिल्या दिवशी पिशवीत काळ्या शाईची दोन पेनं ठेवा. फोनचा चार्जर ठेवा, सेंटरलिंकच्या होल्डवर पाऊण तास सहज जातो. १३१ ४५० लिहिलेल्या चिठ्ठ्या, वाटायला. आणि रंगीत खडूंची पेटी व कोरे कागद. आई फोनवर दुभाष्याशी बोलत असते तेव्हा तिच्या लेकीला मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवते आणि सांगते, आज तुला काही सांगायचं नाहीये, तू चित्र काढ.